गोव्यातला लोकांचा कौल

मीरा रोडच्या शांती नगरातून घोडबंदरचा किल्ला फार लांब नाही. खाडीपलीकडे वसईचा किल्ला आहे. या मुलखावर एके काळी पोर्तुगीजांचं राज्य होतं. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि इथला त्यांचा अंमल उठला.

गोव्यात मात्र तसं झालं नाही. तिथे पोर्तुगीज 1510 साली आले, ते 1961 सालापर्यंत हलले नाहीत. 1947 साली भारत स्वतंत्र झाला, तरी गोवा परक्यांच्याच हातात राहिला.

तोंड बांधणारा कायदा

तेव्हा गोव्याचा कायदा दूर पोर्तुगालमध्ये ठरत असे. तिथे सालाझार हा हुकूमशहा होता. गोव्यात परवानगीशिवाय सभा घ्यायची बंदी होती. वर्तमानपत्रात काय छापायचं ते सरकार ठरवी. घरच्या लग्नाची पत्रिकासुद्धा छापण्याआधी सरकारला दाखवावी लागे! म्हणजे कायदा होता, पण तो लोकांचं तोंड बांधायला होता.

18 जून 1946 रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात ही बंदी मोडली. 1955 साली महाराष्ट्रातून नानासाहेब गोरे, सेनापती बापट, मधू लिमये सत्याग्रहाला गेले. त्याच वर्षी 15 ऑगस्टला हातात काठीही नसलेल्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. पुष्कळ माणसं मेली. शेवटी 19 डिसेंबर 1961 रोजी भारताच्या सैन्यानं गोवा सोडवला.

मत देणारा कायदा

सैन्य परक्याला घालवतं. पण लोकांचं राज्य यायला कायदा लागतो. 1962 साली संसदेनं घटना दुरुस्त केली. गोवा, दमण आणि दीव यांची नोंद भारताच्या घटनेत झाली. 1963 साली आणखी एक कायदा झाला. त्यानं तिथे विधानसभा आली. डिसेंबर 1963 मध्ये लोकांनी 30 आमदार निवडले. गोव्यात जमीनमालकाला भाटकार म्हणतात. भाटकाराला एक मत, आणि त्याच्या शेतात राबणाऱ्या कुळालाही एकच मत! भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले.

मग मोठा प्रश्न उभा राहिला. गोवा महाराष्ट्रात मिळवायचा, की वेगळा ठेवायचा? बांदोडकरांना गोवा महाराष्ट्रात हवा होता. डॉ. जॅक सिक्वेरा यांना तो वेगळा हवा होता. घराघरांत वाद झाले.

याचा निकाल कोणी द्यायचा? दिल्लीनं? आमदारांनी? तसं केलं नाही. 1966 साली संसदेनं खास कायदा केला, की लोकांनाच विचारायचं. कोकणात देवाला कौल लावतात ना? इथे माणसांनाच कौल लावला. त्याला 'जनमत कौल' म्हणतात.

मतदान नीट व्हावं, सत्तेचा दाब कोणावर पडू नये, म्हणून बांदोडकरांचं सरकार आधी पायउतार झालं. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी चिन्हं होती. महाराष्ट्रात जायचं असेल तर फूल. वेगळं राहायचं असेल तर दोन पानं.

16 जानेवारी 1967 रोजी मतदान झालं. फुलाला 1,38,170 मतं पडली. दोन पानांना 1,72,191 पडली. 34,021 मतं जास्त! गोवा वेगळा राहिला.

हरल्यावर काय केलं?

महाराष्ट्रात पुष्कळांना वाईट वाटलं. गोव्यासाठी इथल्या माणसांनी मार खाल्ला होता, तुरुंग भोगला होता. तरी निकाल मानला गेला. बांदोडकरांनीही तो मानला. आणि गंमत पाहा. त्याच वर्षी विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा लोकांनी त्यांनाच परत मुख्यमंत्री केलं. लोकांनी त्यांचं म्हणणं नाकारलं होतं, माणूस नाकारला नव्हता. पुढे 30 मे 1987 रोजी गोवा भारताचं 25 वं राज्य झालं.

कायदा दोन्ही वेळी होता. एक कायदा म्हणे, गप्प बसा. दुसरा म्हणाला, सांगा, तुम्हाला काय हवं? लोकशाही म्हणतात ती ही. पण विचारणं तेवढंच पुरत नाही. उत्तर मनाविरुद्ध आलं तरी ते मानावं लागतं. गावच्या निवडणुकीत आपला माणूस पडला, की राग येतो. तेव्हा गोव्याचा कौल आठवावा. शेजाऱ्याच्या मताचं वजन आपल्या मताएवढंच असतं.