साताऱ्या-सांगलीचे दप्तर आणि त्याची राखण

जुना कागद बहुतेक वेळा हळूहळू मरतो. आग आणि पूर एका रात्रीत जे करतात तेच काम ओल, कसर, वाळवी आणि कागदातले आम्ल पन्नास वर्षे घेऊन करतात. शेवट मात्र एकच: नोंद नाहीशी होते, आणि तिच्याबरोबर कुणाचा तरी हक्क किंवा इतिहासाचा एखादा धागा जातो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत अशा नोंदींचा साठा फार मोठा आहे. छत्रपतींची राजधानी साताऱ्याला, नाना फडणवीसांचा वाडा मेणवलीला, पटवर्धनांची संस्थाने मिरज-सांगलीला. त्याखेरीज प्रत्येक तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात फेरफार, कडईपत्रके आणि जन्ममृत्यूच्या नोंदींचे गठ्ठे आहेत. 2023 मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा हेच गठ्ठे सोडले गेले आणि मोडी वाचणाऱ्यांना मोठी मागणी आली. ज्या गावाचे रजिस्टर वाळवीने खाल्ले होते, त्या गावाला शोधण्यासारखे काही उरले नव्हते.

या भागातले जे कागद आज हाताशी आहेत, ते वेळीच हलवले गेले किंवा छापले गेले म्हणून आहेत. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 मध्ये निघाला, तो वाईत सापडलेल्या कागदांवरून. मिरजेत शिक्षकी करणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांचे दप्तर चाळून 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापायला घेतला आणि 1924 मध्ये निधन होईपर्यंत ते काम सोडले नाही. द. ब. पारसनीस यांनी नानांचे मेणवली दप्तर मिळवले आणि साताऱ्यात संग्रहालय उभे केले. पुढे 1939 मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. शाहू दप्तर पुणे पुरालेखागारात आहे. आपले कागद पुण्याला गेले याची खंत साताऱ्यात अजून ऐकू येते आणि ती समजण्यासारखी आहे. पण कृष्णाकाठच्या वाड्याच्या माळ्यावर ते राहिले असते तर काय झाले असते, हेही लक्षात घ्यायला हवे. खऱ्यांनी छापलेले पत्र शेकडो प्रतींत शेकडो ठिकाणी पोचले. मूळ कागदाला उद्या काही झाले तरी मजकूर उरतो. आजच्या संगणकाच्या भाषेत यालाच बॅकअप म्हणतात.

दप्तर जळाल्याची उदाहरणे जुनी आहेत. 1689 मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला तेव्हा तिथले दप्तर नष्ट झाले असे इतिहासकार मानतात, आणि शिवकालातले अस्सल कागद इतके थोडे का, याचे एक कारण तेच आहे. 1948 मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखाना आणि कोल्हापुरातला भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. या पट्ट्यातल्या गावोगावी घरे पेटली आणि घरांबरोबर घरातले कागदही गेले. अलीकडचे उदाहरण म्हणजे 21 जून 2012 ची मुंबईतल्या मंत्रालयाची आग.

आगीत कागद कसा वागतो हे नीट पाहण्यासारखे आहे. सुटा कागद साधारण 230 अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेतो. रुमाल, म्हणजे कापडात घट्ट बांधलेला कागदांचा गठ्ठा, किंवा मिटलेले जाड पुस्तक मात्र सहज जळत नाही. त्याच्या कडा कोळपतात, पण पानांच्या मध्ये हवा शिरत नसल्याने आतला मजकूर पुष्कळदा वाचता येतो. म्हणून आगीनंतर काळा पडलेला गठ्ठा कचऱ्यात टाकण्याची घाई करू नये. टेबलावर, जमिनीवर, जिन्याखाली पसरलेले सुटे कागद हेच आगीचे खरे खाद्य असते. सरकारी कार्यालयांत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग करून मुदत संपलेल्यांची निंदणी करण्याची जी पद्धत आहे, तिच्याकडे कारकुनी कटकट म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात अग्निसुरक्षेचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे. निरुपयोगी कागद गेला की जळायला कमी उरते, आणि कायम ठेवायचा अ वर्ग नजरेसमोर राहतो.

साध्या लोखंडी कपाटाबद्दल मोठा गैरसमज आहे. पत्रा जळत नाही, पण उष्णता लगेच आत पोचवतो. आग न लागताही आतले कागद करपतात. खऱ्या अग्निरोधक कपाटाच्या भिंतीत जिप्समसारखा पदार्थ भरलेला असतो. तापल्यावर तो आपल्यातले पाणी वाफेच्या रूपाने सोडतो आणि ठरावीक वेळ आतले तापमान रोखून धरतो. कागदासाठीच्या कपाटात ही मर्यादा 177 अंश सेल्सिअस धरलेली असते. चुंबकीय फीत 66 अंशांपुढे धोक्यात येते, तर संगणकाच्या डिस्कसाठी 52 अंशांची मर्यादा मानतात. म्हणजे दस्तऐवजांसाठी घेतलेल्या तिजोरीत हार्ड डिस्क ठेवली, तर आगीनंतर कागद शाबूत आणि डिस्क निकामी अशी स्थिती होऊ शकते. अनेक पतसंस्था, कारखाने आणि शाळा दोन्ही गोष्टी एकाच कपाटात ठेवतात. ते ताबडतोब बदलले पाहिजे.

आग विझवण्याचे साधनही जागा पाहून निवडावे लागते. पावडरच्या सिलिंडरने आग विझते, पण ती पावडर यंत्रांत शिरून धातू गंजवते. सर्व्हरच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड किंवा तत्सम वायू बरा, फक्त बंद खोलीत तो माणसाचा श्वासही कोंडतो हे विसरता कामा नये. कागदाच्या दालनात पाण्याची भीती बाळगू नये. भिजलेला कागद वाळवता येतो, जळलेला परत येत नाही. बहुतेक आगी विजेच्या जुन्या वायरिंगमधून लागतात, तेव्हा अभिलेख कक्षाचा मुख्य स्विच दाराबाहेर असावा आणि कचेरी बंद करताना तो रोज उतरवला जावा.

सांगलीची खरी परीक्षा मात्र पाणी घेते. 2005 च्या पुराने जी पातळी गाठली होती, ती 2019 च्या ऑगस्टमध्ये मागे पडली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्या वर्षी कृष्णा 57 फुटांवर गेली. राजवाडा परिसरातल्या जिल्हा नगर वाचनालयात पाणी शिरले आणि हजारो पुस्तके गाळात गेली. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. इतक्या अनुभवानंतर सांगलीतले कोणतेही दप्तर तळमजल्यावर असू नये. ते सर्वांत वरच्या मजल्यावरही नको, कारण तिथे छताची गळती असते. मधला मजला उत्तम. मांडणीची सर्वांत खालची फळी जमिनीपासून किमान वीतभर वर असावी, आणि गठ्ठे कोंबलेले नसावेत. भिजलेला कागद इतका फुगतो की ठासून भरलेल्या मांडण्या वाकतात आणि गठ्ठे बाहेर काढणेच अशक्य होते.

पाणी ओसरल्यानंतरचे पहिले दोन दिवस निर्णायक असतात. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरते, आणि ओल्या कागदावर ती 48 ते 72 तासांत दिसू लागते. ऑगस्टच्या सांगलीत कागद आपोआप वाळण्याची वाट पाहत बसता येत नाही. थोडे कागद असतील तर पंखे लावून, मध्ये टिपकागद घालून सावलीत वाळवावेत. कडक उन्हात पाने आकसतात आणि शाई उडते. ओले पुस्तक उघडू नये, पाने ओढून सोडवू नयेत. साठा मोठा असेल तर जगभर एकच उपाय मान्य आहे: ओले गठ्ठे उणे 20 अंशांच्या आसपास गोठवायचे आणि मग निवांतपणे, शक्यतो निर्वातात, वाळवायचे. गोठवल्याने काही दुरुस्त होत नाही, पण वेळ मिळतो. सांगली-तासगावात बेदाण्याची शीतगृहे मुबलक आहेत. ती शून्याच्या काही अंश वरच चालतात, त्यामुळे बुरशी मंदावते पण थांबत नाही. तरीही उघड्यावर कुजण्यापेक्षा तिथले दोन-चार दिवस मोलाचे ठरतील. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात अशा एखाद्या शीतगृहाशी आणि गोठवण कक्षाशी आधीच बोलून ठेवायला हवे.

शाईवरही बरेच अवलंबून आहे. काजळ आणि डिंकाची जुनी शाई पाण्यात सहसा फुटत नाही, म्हणून बोरूने लिहिलेली मोडी पत्रे पुरानंतरही वाचता येतात. हिराकसाच्या शाईत लोह असते, ती काळाच्या ओघात कागद कुरतडते आणि अक्षरांच्या जागी भोके पडतात. फाउंटन पेनची निळी शाई आणि रबरी शिक्क्याचा जांभळा रंग तर पहिल्या पाण्यातच वाहून जातो. कागदाचेही तसेच आहे. चिंध्यांच्या लगद्याचा हातकागद तीनशे वर्षे तग धरतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा, तुरटी वापरलेला कागद आला. त्यातले आम्ल त्यालाच आतून खाते. म्हणून पेशवाईतले पत्र मऊ आणि शाबूत असते, तर 1940 चे वर्तमानपत्र हात लावताच तुटते.

या दोन जिल्ह्यांत हवामानही एक नाही. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे 6000 मिलिमीटर पाऊस पडतो, माण, आटपाडी आणि जतला 500 च्या आसपास. पश्चिमेला शत्रू बुरशी, पूर्वेला धूळ, वाळवी आणि कागदाचा ठिसूळपणा. घरोघरी पोथ्यांत वेखंडाच्या पुरचुंड्या आणि कडुनिंबाचा वाळला पाला ठेवत, कागदाला हरताळ लावत. वेखंडाने कीड दूर राहते, पण आत शिरलेली मरत नाही. ती मारण्याचा निर्धोक मार्ग सांगलीकरांना वेगळ्या संदर्भात माहीत आहे. हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे किडीशिवाय राहत असे, कारण बंद पेवातला प्राणवायू संपतो. म्हणून तर पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. संग्रहालयांत हेच करतात. कागद हवाबंद पिशवीत प्राणवायू शोषणाऱ्या पुड्यांसह सुमारे तीन आठवडे ठेवतात, की अळ्या आणि अंडीही मरतात. कागदाला कोणतेही विष लागत नाही.

दुरुस्तीत सर्वाधिक नुकसान चिकटपट्टी आणि प्लॅस्टिक लॅमिनेशन करतात. झेरॉक्सच्या दुकानात सनद लॅमिनेट केली की ती उष्णतेने आणि गोंदाने कायमची बिघडते, पुन्हा सोडवता येत नाही. फाटलेल्या कडेला पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ पुरेशी असते.

आता सगळे स्कॅन झाले, म्हणजे काळजी मिटली, असे मानण्याकडे कल आहे. तो चुकीचा आहे. हार्ड डिस्क साधारण पाच वर्षांत बदलावी लागते, पेन ड्राइव्हमधला विद्युतभार वापराविना विरतो, घरी लिहिलेल्या सीडीवरचा रंगाचा थर उष्णतेने उडतो. ध्वनिफितींचा बंधक दमट हवेत चिकट होतो, ॲसिटेटच्या चित्रफितींना व्हिनेगरचा वास येऊ लागतो. मराठीपुरता आणखी एक ऱ्हास आहे. नव्वदच्या दशकात श्रीलिपी, आकृती अशा टंकांत जुळवलेली पुस्तके आणि अंक डिस्कवर शाबूत असूनही आजच्या संगणकावर नुसती निरर्थक चिन्हे दिसतात. ती युनिकोडमध्ये आणली नाहीत तर तीस वर्षांचा मजकूर गेला असे समजावे. म्हणून प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी, हा नियम पाळावा. वर्षातून एकदा त्या उघडून पाहाव्यात. सांगलीच्या संस्थेने आपली प्रत मिरजेला ठेवून भागणार नाही, एकच पूर दोन्हीकडे येऊ शकतो. ती विट्याला किंवा जतला असावी. पुरात भिजलेली हार्ड डिस्क मात्र चालू करून पाहू नये, तशीच पिशवीत बंद करून तज्ज्ञाकडे द्यावी.

महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 ने सरकारी कागदांची जबाबदारी ठरवून दिली आहे. खासगी घरांतल्या रुमालांना असा कायदा नाही. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात ज्यांच्या माळ्यावर किंवा ट्रंकेत मोडी कागद आहेत, त्यांनी ते वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत देऊ नयेत. पावसाळ्यापूर्वी एकदा रुमाल सोडावा, कागद सावलीत हवेशीर ठेवावेत, प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे आणि त्याची एक प्रत भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला द्यावी. मूळ कागद घरातच राहू द्यावेत, फक्त जमिनीपासून वर आणि भिंतीपासून दूर.