सोसायटीच्या ग्रुपवर इंद्रायणी

भोर आणि वेल्हे तालुक्यांतला तांदूळ व्यापाऱ्याच्या हातून न जाता थेट पुण्यातल्या घरी पोचवायचा, तर शेतकऱ्याला दोन गोष्टी लागतात. तांदूळ घेणारी माणसे एकत्र सापडतील अशी जागा हवी, आणि एकदा तांदूळ नेलेले घर पुढच्या हंगामात पुन्हा सापडेल अशी नोंद हवी. जागेचे काम आज सोसायट्यांचे, गावकऱ्यांचे आणि ट्रेकर मंडळींचे व्हॉट्सॲप ग्रुप करतात. नोंद मात्र शेतकऱ्याने स्वतः ठेवावी लागते. ग्रुप नेहमी दुसऱ्या कोणाचा तरी असतो आणि त्याचा दरवाजा कधीही बंद होऊ शकतो. त्यामुळे ग्राहकांची स्वतःची यादी वाढवणे हाच या विक्रीतला खरा उद्योग आहे.

यादीचे एवढे महत्त्व पिकामुळे आहे. वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, आणि भोरचा पश्चिम भाग हा धो धो पावसाचा डोंगराळ मुलूख. इथे उतारावरच्या खाचरांत आषाढात लावणी होते आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी. आंबेमोहर भाताला वास आहे, पण त्याचे उंच ताट लोळते आणि उतारा कमी पडतो. आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने काढलेला इंद्रायणी 1987 मध्ये आला आणि मावळपट्ट्याचा मुख्य भात झाला. पीक वर्षातून एकदाच. मळणी, वाळवण आणि गिरणी उरकली की विक्रीचे मोजके महिने मिळतात. मग उरलेले वर्षभर विकायला फारसे काही नसते, आणि तेवढ्यात शहरातले घर शेतकऱ्याचे नावही विसरते.

भात विकणे आणि तांदूळ विकणे यांतही मोठा फरक आहे. केंद्र सरकारने 2025-26 साठी साध्या भाताची आधारभूत किंमत क्विंटलला 2369 रुपये ठरवली. क्विंटलभर भात गिरणीवर भरडला की साधारण पासष्ट ते सत्तर किलो तांदूळ मिळतो आणि कणी, कोंडा घरी राहतो. तांदूळ किलोच्या दराने थेट स्वयंपाकघरात गेला, तर मधल्या हातांचा वाटा शेतकऱ्याकडे येतो. त्याबदली साफसफाई, पॅकिंग, वाहतूक आणि उधारीची वसुलीही त्याच्याच अंगावर येते.

सोसायटीच्या ग्रुपमध्ये अनोळखी माणसाला प्रवेश नसतो. वाट निघते ती गावच्या माणसामुळे. धायरी, कात्रज, आंबेगाव, वारजे या बाजूला भोर-वेल्ह्यातून येऊन स्थायिक झालेली घरे पुष्कळ आहेत. त्यांतला एखादा भाचा किंवा चुलतभाऊ आपल्या नावाने ग्रुपवर मेसेज टाकतो. काही ग्रुपवर जाहिरातीला बंदी असते, काहींवर आठवड्यातला एखादा वार राखून ठेवलेला असतो. ॲडमिनला आधी विचारणे हा साधा शिष्टाचार, आणि तो पाळणाऱ्याचा मेसेज टिकतो. पहिल्या मेसेजपेक्षा त्याखाली दोन आठवड्यांनी कुणा शेजारणीने लिहिलेले ‘भात छान झाला, अजून मिळेल का?’ हे वाक्य जास्त काम करते. ते शेतकऱ्याला स्वतः लिहिता येत नाही. म्हणून जाणती मंडळी आधी ओळखीच्या दोनचार घरांत नमुन्याची पुडी देतात, शिजू देतात आणि मगच ग्रुपवर दर टाकतात.

मेसेज कसा लिहिला आहे यावर बरेच अवलंबून असते. ‘शुद्ध, अस्सल, गावरान’ असे शब्द सगळेच लिहितात, त्यामुळे ते कोणी वाचत नाही. जात कोणती, यंदाचा की गेल्या वर्षीचा, पॉलिश किती, पोती पाच-दहा-पंचवीस यांपैकी किती किलोंची, दर काय, कोणत्या दिवशी कोणत्या गेटवर मिळेल, एवढे आले की पुढची निम्मी विचारपूस वाचते. एक गोष्ट आवर्जून लिहावी लागते: इंद्रायणीचा भात मुळात चिकट होतो, आणि नव्या तांदळाचा जास्तच. नव्याला पाणी कमी लागते. मोकळ्या भाताची सवय असलेल्या घराला हे आधी सांगितले नाही, तर तांदूळ चांगला असूनही तक्रार त्याच ग्रुपवर येते. फोटोचेही तसेच. हिरव्या खाचरांचे चित्र मन प्रसन्न करते, पण घेणाऱ्याला पाहायचे असतात ते तळहातावरचे दाणे, त्यातल्या कणीसकट.

मागणी आली की व्यवहार ग्रुपवरून खासगी मेसेजवर आणायचा असतो. इथूनच यादी सुरू होते. नाव, सोसायटी, विंग, किती किलो, नवा हवा की जुना, पुढच्या वर्षी कळवू का, एवढे वहीत किंवा गुगल फॉर्ममध्ये उतरवले की पुरते. शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण होकार देऊन यादीत आलेले नाव आणि कुठून तरी उचललेला नंबर यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. ग्राहकालाही शेतकऱ्याचा नंबर सेव्ह करायला सांगावे लागते. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी 256 जणांची असते, आणि ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तिच्यावरचा मेसेज पोचतो. ग्रुपमध्ये 1024 पर्यंत माणसे मावतात, पण तिथे प्रत्येकाचा नंबर सर्वांसमोर उघडा पडतो. म्हणून ग्राहकांसाठी ब्रॉडकास्ट यादीच बरी. काहीजण ईमेल पत्ताही घेतात. परगावी गेलेला ग्राहक फोन नंबर बदलतो, पण ईमेल सहसा तोच ठेवतो.

सोसायटीच्या ग्रुपमधले सगळे नंबर उतरवून घेऊन आपल्या नव्या ग्रुपमध्ये कोंबण्याचा मोह अनेकांना होतो. ते मुळातच गैर आहे. आपल्याला ग्रुपमध्ये कोणी जोडावे हे ठरवण्याची सोय व्हॉट्सॲपने 2019 मध्येच दिली, आणि 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही संमतीवरच उभा आहे. व्यवहारातही तोटाच होतो. अशा माणसाला काढून टाकल्यावर त्याच खोऱ्यातल्या पुढच्या शेतकऱ्यालाही तिथे उभे करत नाहीत.

यादी जिवंत राहते ती बेताने पाठवलेल्या मेसेजमुळे. लावणीचा एक फोटो, कापणीची खबर, गिरणीवरून तांदूळ आल्याचा निरोप आणि पोचवण्याची तारीख, एवढे वर्षाला पुरे होते. रोज सुप्रभातची फुले पाठवणारा नंबर लोक म्यूट करतात आणि हंगामाचा निरोपही त्यात बुडतो. माल एकेका सोसायटीच्या मागण्या जमवून पाठवावा लागतो. भोरकडची पिकअप कापूरहोळला आणि वेल्ह्याकडची चेलाडी फाट्याला सातारा महामार्गावर येते. एका घरासाठी दहा किलो घेऊन कोणी तेवढे डिझेल जाळू शकत नाही.

ग्राहकांची दुसरी वाट गडांवरून येते. राजगड आणि तोरण्याच्या पायथ्याच्या गावांत ट्रेकर घरगुती जेवण घेतात आणि त्या घराचा नंबर ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरतो. जुलै 2025 मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्याने या वाटेचे मोल वाढले आहे. पिठलं-भाकरीबरोबर इंद्रायणीचा भात खाल्लेल्याला तांदळाची शिफारस लागत नाही. पण ही माणसे मुंबई, नाशिक अशी विखुरलेली असतात आणि कुरिअरचा खर्च तांदळाच्या दराला झेपत नाही. त्यांची यादी वेगळी ठेवून परतताना गाडीत पोते टाकून देणे हेच परवडते.

डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवर रेंज धड मिळत नाही, म्हणून फोन सांभाळतो तो बहुधा पुण्यात नोकरी करणारा मुलगा. निवडणे-पाखडणे बाईने करायचे आणि ग्राहकांकडे नंबर मात्र पुरुषाचा, हेही सर्रास दिसते. बचत गटाच्या नावाने नंबर घेतला, तर ही विषमता थोडी तरी कमी होते.

यादी खाचरापेक्षा मोठी झाली की खरी कसोटी लागते. तांदूळ संपतो आणि मागण्या येतच राहतात. बाजारातून पोती आणून आपल्या नावाने खपवणे तेव्हा सर्वांत सोपे असते. आंबेमोहराच्या नावाखाली भलतेच तांदूळ विकले गेल्याने शहरातली घरे आधीच सावध झालेली आहेत, आणि रोज भात शिजवणाऱ्या हाताला बदल पहिल्याच शिटीत कळतो. माल संपल्याचे त्याच दिवशी कळवावे. शेजाऱ्याचा तांदूळ द्यायचा असेल, तर पोत्यावर शेजाऱ्याचे नाव आणि गाव लिहावे, त्याचा नंबरही द्यावा. ज्यांना यंदा मिळाला नाही, त्यांची नावे वहीच्या पहिल्या पानावर घ्यावीत आणि पुढच्या कापणीला पहिला निरोप त्यांना जावा.