थरावर थर

चित्र म्हटले की आपल्याला काय आठवते? विठोबा-रखुमाई, शिवाजीमहाराज, बैलजोडी. चित्रात काहीतरी ओळखू आले पाहिजे, असे आपण मानतो. पण माणूस नाही, झाड नाही, नुसता रंगच आहे, असेही चित्र असते. त्याला अमूर्त चित्र म्हणतात. अमूर्त म्हणजे ओळखीचा आकार नसलेले.

आमच्या बेलापूरचा एक मुलगा मुंबईला चित्रकला शिकतो. वासुदेव गायतोंडे या चित्रकारावर त्याची फार भक्ती. सुटीत आला की त्यांची छापील चित्रे सगळ्यांना दाखवतो. त्याचे वडील आम्हांला म्हणाले, "गुरुजी, ह्यात आहे तरी काय? नुसता पिवळा रंग! उसाचे पैसे शिक्षणात घातलेत. पोरगं वाया तर नाही ना चाललं?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून नीट समजून घेऊ.

गायतोंडे १९२४ साली नागपूरला जन्मले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून १९४८ साली पदविका घेतली. आधी तेही माणसांची चित्रे काढीत. पुढे आकार सोडून रंगाकडे वळले. १९७१ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २००१ साली ते वारले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले.

त्यांचे काम कसे चाले? कापडावर ते रुळाने रंग पसरत. त्यावर दुसरा थर, मग तिसरा. मध्येच पात्याने रंग खरवडून काढत. कधी कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलत. कागदाबरोबर थोडा रंग निघे, थोडा राही. खालचा थर वरच्यातून डोकावू लागे. घाई मुळीच नसे. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी होत.

आता आपल्या जुन्या घराची भिंत आठवा. दर दिवाळीला चुन्याचा हात. एखाद्या वर्षी त्यात नीळ, एखाद्या वर्षी पिवळी माती. पोपडा निघाला की आतले जुने रंग दिसतात. कैक दिवाळ्या तिथे एका जागी दिसतात. भिंतीवर हे आपोआप घडते. गायतोंडे ते जाणूनबुजून, विचार करून घडवीत. किती ठेवायचे आणि किती काढायचे, यातच त्यांचे कसब होते.

असे चित्र बघावे कसे? 'हे कशाचे चित्र?' असे लगेच विचारू नये. सांजवेळी प्रवरेच्या पाण्यावर रंग पसरतात. ते कशाचे चित्र आहे, असे आपण विचारतो का? घटकाभर बघत राहतो, मन निवते. तसेच इथे करावे. इतके करूनही नाही आवडले, तर तसे सांगायला लाजू नये.

आणि मुलाचे काय? भक्ती चांगली, पण गुरूचा पिवळा रंग उचलला म्हणजे विद्या आली असे नव्हे. आधी हात बसला पाहिजे, मग धीर धरता आला पाहिजे. तो धीर मुलाने घेतला, तर बापाचे उसाचे पैसे सत्कारणी लागले म्हणायचे. उसाला पाणी दिले म्हणून दुसऱ्या दिवशी साखर होत नाही, हे तर आपल्याला कोणी शिकवायला नको.