चाकांवरचं घर निघालं डोंगरात... पण घरकाम कुणाचं?

मे-जून आला की चंदीगडकरांचे डोळे उत्तरेकडच्या डोंगरांना लागतात. शहरात पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी लू वाहू लागते आणि तिथून साठेक किलोमीटरवरच्या कसौलीत मात्र संध्याकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते! यात जादू काही नाही. चंदीगड समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वातीनशे मीटरवर, तर कसौली अठराशे मीटरच्याही वर. हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. म्हणजे दोन-अडीच तासांच्या प्रवासात नऊ-दहा अंशांचा गारवा हाती लागतो. शुक्रवारी संध्याकाळी शहरातल्या गाड्या काल्क्याच्या दिशेनं पळतात, त्या यासाठीच.

सेक्टर २२ सुद्धा याला अपवाद नाही. नव्या राजधानीत अगदी सुरुवातीला, १९५० च्या दशकात उभ्या राहिलेल्या सेक्टरांपैकी हा एक. इथल्या घरांवर मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू आणि पिएर जाँनरे या वास्तुकारांचा हात फिरला आहे. शास्त्री मार्केटची गर्दी, किरण सिनेमा, विटांच्या बैठ्या घरांच्या रांगा आणि मधे हिरवळ, असा हा मध्यमवर्गीय, गजबजलेला सेक्टर. काल्क्याहून शिमल्याला जाणाऱ्या रस्त्याचा नंबरही पूर्वी २२ च होता. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये नव्यानं लावले गेले, तेव्हापासून तो ५ झाला. नंबर बदलला, डोंगराची ओढ बदलली नाही.

पण ही दोन दिवसांची सुट्टी वाटते तितकी सोपी नसते. हंगामात हॉटेलच्या खोल्या भरलेल्या, दर चढलेले. मुलांना वळणावळणाच्या रस्त्यानं मळमळतं. आजींचे गुडघे धरतात. आणि घरातल्या बायकांच्या मनात निघाल्यापासून एकच प्रश्न असतो, वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल का? अशा वेळी कुणीतरी म्हणतं, 'आपलं घरच सोबत नेता आलं तर?' तिथूनच कॅरॅव्हॅनचं स्वप्न सुरू होतं.

बेड बसवला म्हणजे कॅरॅव्हॅन नव्हे

कॅरॅव्हॅन म्हटलं की आपल्याला आठवते ती सिनेमातल्या नटनट्यांची व्हॅनिटी व्हॅन. घरगुती कॅरॅव्हॅन तिची साधी बहीण. परदेशात मोटारीमागे जोडून ओढायची घरं लोकप्रिय आहेत. घाटातल्या वळणांवर आणि गर्दीच्या बाजारातून असं शेपूट ओढणं अवघड. म्हणून आपल्याकडे टाटा विंगर किंवा फोर्स ट्रॅव्हलरसारख्या व्हॅनच्या पोटातच घर वसवलं जातं. चंदीगडहून अंबाल्याकडे जाताना लालडू लागतं. तिथे बसच्या बॉड्या बांधणाऱ्या जेसीबीएल कंपनीनं अशी फिरती घरंही बांधली आहेत.

मात्र हौसेनं जुनी व्हॅन घेतली, सुताराला बोलावलं, बेड-ओटा ठोकला आणि निघालो, असं चालत नाही. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं स्वतंत्र मानक आहे. बसायच्या जागा, टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाचे कप्पे हे सगळं गाडीत असायला हवं आणि पक्कं बसवलेलं हवं, हा त्याचा गाभा. पुण्याची एआरएआय ही संस्था वाहनांच्या अशा चाचण्या घेते. मोटर वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये ते ठामपणे बजावलं. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वाहनांत मोडते, हा त्यातला दिलासा.

दोन गाड्या, दोन कहाण्या

कॅरॅव्हॅनच्या इतिहासात दोन गाड्या फार बोलक्या आहेत.

पहिली इंग्लंडमधली. नौदलातले निवृत्त डॉक्टर आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये 'वाँडरर' नावाचं घोड्यांनी ओढायचं लाकडी घर बांधून घेतलं. सुट्टीच्या मौजेसाठी मुद्दाम बनवलेली ही पहिली कॅरॅव्हॅन मानली जाते. डॉक्टरसाहेब तिच्यातून थेट स्कॉटलंडपर्यंत हिंडले. सोबत कुत्रा होता, काकाकुवा होता. आणि हो, एक गाडीवान आणि एक नोकरही होता! घोडे एकानं सांभाळायचे. दुसऱ्यानं तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता मोकळा करायचा, शिवाय साहेबांची चाकरीही करायची. साहेबांना मोकळी हवा मिळाली, ती अशी.

दुसरी गाडी जर्मनीतली. इस्नी गावचे आरिस्ट डेथलेफ्स चाबूक आणि स्कीच्या काठ्या विकत गावोगाव फिरायचे. त्यांची नियोजित वधू फ्रिडेल एडेलमान चित्रकार होती. नवरा महिनोन् महिने बाहेर आणि आपण घरी, हे तिला मान्य नव्हतं. दोघांना एकत्र फिरता येईल आणि तिला चित्रंही काढता येतील अशी गाडी तिला हवी होती. १९३१ मध्ये आरिस्टनी ती स्वतः बांधली. पुढे तो कॅरॅव्हॅनचा मोठा कारखानाच झाला.

एक गाडी नोकरांच्या जिवावर चाललेली, दुसरी बायको मागे राहू नये म्हणून जन्मलेली. आज कॅरॅव्हॅन घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबानं स्वतःला विचारायला हवं, आपली गाडी यातली कोणती?

शंभर लिटरांचा संसार

समजा, सेक्टर २२ मधलं चौघांचं कुटुंब शुक्रवारी रात्री निघालं. गाडीच्या टाकीत शंभर लिटर पाणी आहे. ऐकायला भरपूर! पण बादलीभर आंघोळ म्हणजे पंधरा-वीस लिटर. चौघांनी शनिवारी सकाळी घरच्यासारखी आंघोळ केली की साठ-ऐंशी लिटर गेलेच. उरलेल्यात भांडी, चहा, स्वयंपाक आणि रविवार! म्हणून मुरलेले कॅरॅव्हॅनवाले ओल्या पंचानं अंग पुसतात, ताटं आधी कागदानं पुसून मग धुतात.

विजेचंही तसंच. घरातल्या दिव्या-पंख्यांसाठी असलेली बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरली तरी तिच्यात वीज असते जेमतेम सव्वा युनिट. एक टनाचा एसी जोरात चालला तर ती तासाभरात गार. तेच छोटा पंखा रात्रभर फिरला तरी पाव युनिटही लागत नाही. सावलीत गाडी लावणं, खिडक्यांना जाड पडदे लावणं आणि उंचावर मुक्काम करणं, हाच कॅरॅव्हॅनचा खरा एसी.

पाणी मोजायची ही सवय डोंगरात फक्त सोयीची नाही, ती माणुसकीचीही आहे. २०१८ च्या मे-जूनमध्ये शिमल्यात पाण्याची इतकी टंचाई झाली की शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या, उन्हाळी महोत्सव पुढे ढकलावा लागला. ज्या गावात नळाला पाणी नाही, तिथे पाहुण्यानं पाइप लावून गाडी धुवावी का?

कामवाली सोबत येत नाही

आता खरा मुद्दा. घर सोबत नेलं की घरकामही सोबत येतं. मागे राहते ती कामवाली बाई आणि कोपऱ्यावरचं दुकान!

हॉटेलात गेलं की निदान दोन दिवस स्वयंपाकघराला रजा मिळते. कॅरॅव्हॅनमध्ये ओटा तीन फुटांचा, शेगडी दोन बर्नरची आणि मागण्या मात्र घरच्याच. 'थंडीत गरम पराठे हवेत', 'भजी कर ना', 'चहा टाक'. बाहेर खुर्च्या टाकून सगळे देवदार बघतायत आणि आतमध्ये घरची बाई वाकून कणीक मळतेय, असं झालं तर त्या सुट्टीत फिरलं कोण? चाकांवर फिरलं ते फक्त स्वयंपाकघर.

युरोपातल्या कॅरॅव्हॅन तळांवर संध्याकाळी एक दृश्य नेहमीचं असतं. खरकट्या भांड्यांचं टब हातात घेऊन बापलेक सामाईक नळाकडे चाललेले दिसतात. तिथे नोकर नाहीत, म्हणून कामं वाटली गेली. कुणी गाडी समतल करतो, कुणी पाणी भरतो, मुलं पलंग दुमडतात. आणि शौचालयाची पेटी रिकामी करणं, हे सर्वांत नावडतं काम, बहुतेक घरांत पाळीनं होतं.

आपल्याकडेही हे सहज जमेल. निघण्यापूर्वी वहीच्या पानावर कामं आणि नावं लिहा. वीस लिटरांची शौचालयाची पेटी चौघांच्या वापरानं दोन दिवसांत भरते. ती कोण उचलणार हे गुरुवारीच ठरू द्या. राजमा घरून भिजवून-उकडून न्या, एक जेवण ढाब्यावर ठेवा. शनिवारची रात्र बाबांची, रविवारचा नाश्ता मुलांचा. पराठा नकाशासारखा झाला तरी चालेल! जागा इतकी लहान असते की कोण काम करतंय आणि कोण बसून आहे, हे लपतच नाही. मोठ्या घरात वर्षानुवर्षं न दिसलेलं काम इथे दोन रात्रींत दिसतं. कॅरॅव्हॅनचा हा सर्वांत मोठा उपयोग म्हणायला हवा.

सोमवारपासून मग दुसरं आयुष्य सुरू होतं. सहा मीटरच्या आसपास लांबीची ही गाडी लावायची कुठे? सेक्टर २२ आखला गेला तेव्हा रस्त्यावर सायकली जास्त होत्या, मोटारी थोड्या. आज घरासमोर गाड्यांची दाटी. त्यात ही धिप्पाड पाहुणी शेजाऱ्याच्या फाटकासमोर आली की वाद ठरलेला. शिवाय उभी गाडीही काम मागते. बॅटरी भरत ठेवायची, टाकी रिकामी करून वाळवायची, टायरमधली हवा बघायची. ज्याला हा आठवड्याचा उद्योग जमणार नाही, त्यानं विकत घेण्यापेक्षा भाड्यानं घ्यावी.

थांबायचं कुठे?

फिरत्या घराची सगळी गंमत थांबण्यात आहे आणि आपल्याकडे अडतं तेही तिथेच. कॅरॅव्हॅन पार्क देशात मोजकेच. म्हणून मालकाची परवानगी घेऊन ढाब्याचं अंगण, होमस्टेचं आवार किंवा पेट्रोल पंपाची कड, हे मुक्काम. रस्त्याकडेला वाटेल तिथे चूल मांडणं मात्र स्थानिकांना जाचक होतं. गोव्यानं २०१९ मध्ये पर्यटन स्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यावर कायद्यानं बंदी घातली, ती याच त्रासातून.

उपाय आहे आणि तो साधा आहे. ब्रिटनमध्ये १९६० च्या कायद्यानं मान्यताप्राप्त क्लबांना एक मुभा मिळाली. शेतकऱ्याच्या जागेला क्लबनं प्रमाणपत्र द्यायचं आणि तिथे एका वेळी पाचच कॅरॅव्हॅन उतरायच्या. एक नळ, मैला रिकामा करायची जागा, बस्स. शेतकऱ्याला चार पैसे, पाहुण्याला निवांतपणा. केरळनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन धोरण आणलं आणि पुढच्या वर्षी वागमोनला पहिला पार्क सुरू झाला. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन धोरणही २०२१ चंच. आपल्याकडे कृषी पर्यटन केंद्रं आहेतच. त्यांनी एक नळ, एक प्लग आणि एक सेप्टिक टँक दिली, तर चंदीगडकरांना जे कसौलीत शोधावं लागतं, ते पुणेकर-नाशिककरांना जुन्नर-इगतपुरीत मिळेल.

निघण्यापूर्वी एवढं पाहा

• गाडी चालू असताना कुणीही बेडवर झोपू नये. पट्टा लावून सीटवरच बसावं.

• बंद गाडीत कोळशाची शेगडी पेटवून किंवा जनरेटर लावून कधीही झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच जीव जातो. स्वयंपाक करताना खिडकी उघडी हवी आणि झोपण्यापूर्वी सिलिंडर बंद.

• घाट उतरताना खालचा गिअर ठेवा. सतत ब्रेक दाबला तर तो तापून निकामी होतो.

• पावसाळ्यात डोंगराचा मोह टाळा. ऑगस्ट २०२३ मध्ये परवाणूजवळ चक्की मोडला रस्ताच खचला होता.

• शौचालयाची पेटी नाल्यात किंवा झाडीत कधीही रिकामी करू नका. कचरा पिशवीत भरून खाली आणा.

रविवारी रात्री गाडी पुन्हा काल्का उतरते आणि काचेवर शहराची ऊब जाणवू लागते. त्या वेळी घरातल्या प्रत्येकाला 'पुन्हा कधी जायचं?' असं वाटलं, तर सुट्टी सगळ्यांची झाली. एकीच्याच तोंडून 'हुश्श, आलो बाई घरी!' निघालं, तर मात्र गाडीत नाही, कामांच्या वहीत दुरुस्ती करायला हवी.