कागदकाम (भाग ७) : तेल प्यायलेला कागद

वडापाव बांधून आणलेला कागद फेकण्याआधी एकदा उलगडून पाहा. टेबलावर ठेवला की तेलाचा डाग भोवतीच्या कागदापेक्षा काळपट दिसतो. तोच कागद खिडकीसमोर धरला की डाग उजळतो आणि भोवतीचा भाग मळकट वाटतो. या उलटापालटीवर रॉबर्ट बुन्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९व्या शतकात उजेड मोजायचं साधन बेतलं. दोन दिव्यांच्या मधोमध डाग पाडलेला कागद उभा करायचा आणि डाग दिसेनासा होईपर्यंत पुढे-मागे सरकवायचा. डाग हरवला, की कागदाच्या दोन्ही अंगांना पडणारा उजेड सारखा झाला असं समजायचं.

कागदाचा सुटा तंतू खरं तर पारदर्शकच असतो. पांढरेपणा येतो तो तंतूंच्या मधल्या हवेमुळे. सेल्युलोजचा अपवर्तनांक १.५३च्या आसपास, हवेचा १. प्रकाश हवेतून तंतूत आणि तंतूतून पुन्हा हवेत जाताना दर वळणावर थोडा परततो, थोडा भरकटतो. अशी वळणं एका तावात अगणित, म्हणून पलीकडचं काही दिसत नाही. तेलाचा अपवर्तनांक १.४७च्या घरात. त्यानं हवेची जागा घेतली की वळणं बोथट होतात आणि प्रकाश बराचसा सरळ निघून जातो. पाण्यानंही हे होतं, पण ते १.३३वरच अडतं आणि तासाभरात उडून जातं.

मग हाताशी असेल ते तेल फासलं तर? इथेच बहुतेकांचा कागद वाया जातो. खोबरेल फासलेला कागद कंदिलाला एक संध्याकाळ छान दिसतो. पण ते तेल कधीच वाळत नाही. शेजारच्या पानाला, कपाटाला, बोटांना लागत राहतं आणि पुढे खवट वास सुटतो. शेंगदाण्याचं तेलही त्याच पंगतीतलं. आपल्याला हवं असतं ‘सुकणारं’ तेल. त्यातलं पाणी उडतं असं नव्हे, त्यात पाणी नसतंच. हवेतला ऑक्सिजन ओढून त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि तेलाची कोरडी, लवचीक साय बनते. ही ताकद आयोडीन अंकावरून कळते. खोबरेलाचा तो १०च्या आसपास, शेंगदाण्याचा १००च्या आतबाहेर, करडईचा १४०च्या पुढे आणि जवसाचा १७०च्याही वर.

म्हणून जुने लोक जवसाकडेच वळले. इटलीतला चित्रकार चेन्निनो चेन्निनी यानं १४००च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात चित्राची नक्कल उतरवण्यासाठी पातळ कागदाला जवसाचं तेल लावण्याची रीत दिली आहे. १६२१ साली अमेरिकेतल्या प्लिमथ वसाहतीतून एडवर्ड विन्स्लोनं इंग्लंडला पत्र धाडलं, त्यात मागून येणाऱ्यांना खिडक्यांसाठी कागद आणि जवसाचं तेल आणायला सांगितलं होतं. काचेची सोय नव्हती, तिथे तेलकागदावर भागवायचं.

जवसाचं तेल लवकर वाळतं, पण पिवळं पडतं, अंधारात ठेवलं तर जास्तच. शुभेच्छापत्रावर किंवा अल्बमच्या पानांमध्ये घालायला पांढरट कागद हवा असेल तर माझं मत करडईला. वाळायला उशीर लावते, पण पिवळेपणा कमी. फक्त बाटलीवर ‘हाय ओलेइक’ लिहिलेलं करडईचं तेल घेऊ नका. ते तळणाला चांगलं आणि या कामाला अगदी मठ्ठ.

कागद पातळ आणि बिनचकाकीचा घ्या. चकचकीत आर्ट पेपर तेल पीतच नाही. झगझगीत पांढऱ्या, जाड दिसणाऱ्या कागदात बऱ्याचदा टायटॅनियम डायऑक्साइड घातलेलं असतं. त्याचा अपवर्तनांक अडीचच्या वर, त्यामुळे कितीही तेल पाजलं तरी तो धुरकटच राहतो. चिंध्यांपासून केलेला पातळ हातकागद मिळाला तर उत्तम.

लिहायचं, रेखाटायचं ते आधी उरकून घ्या. तेलानंतर जेल पेन नुसतं घसरतं. कागदावरून कोमट इस्त्री फिरवा, म्हणजे दमटपणा जातो. मग कापसाच्या बोळ्यानं तेल मधून कडेकडे पसरा. तेल भिनताना कागदावर आधी ढगाळ ठिपके उमटतात, मग ते एकमेकांत मिसळून सगळा ताव एकसारखा होतो. तसा झाला की थांबा. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल कोरड्या चिंधीनं निपटून काढा. हे टाळलं तर ओघळ चिकटच राहतात. चिकटवायची कड असेल तिथे बोटभर पट्टी कोरडी सोडा. तेल नंतरही थोडं सरकतं आणि तेलकट कडेला फेव्हिकॉल धरत नाही. ताव चिमट्यांनी दोरीवर वाऱ्याला टांगा. जवसाला काही दिवस, करडईला त्याहून जास्त. बोट लावल्यावर चिकटलं नाही म्हणजे झालं.

तेलाच्या चिंध्यांचं मात्र गंभीरपणे घ्या. सुकताना तेल उष्णता सोडतं. चुरगळून डब्यात कोंबलेली जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका. आणि या कागदाचा आकाशकंदील केलात तर आत एलईडीचा दिवाच लावा, पणती नको.

पुढच्या आठवड्यात मेणकागद. तो वाळायची वाट पाहावी लागत नाही, पण त्याला उन्हाचं वावडं.