पोटातला शॉर्टकट आणि रोबोट

मध्यंतरी आईचा फोन आला. "अरे, तुझ्या मावशीचं ऑपरेशन रोबोट करणारे म्हणे. तू कॉम्प्युटरवाला ना? मध्येच हँग झाला तर?" प्रश्न भारी होता, म्हणून आजचा एपिसोड.

मावशीला वर्षभर जुलाब. वजन उतरलं. सगळे म्हणायचे, टेन्शन घेते. शेवटी सीटी स्कॅनमध्ये पित्ताशयात खडे दिसले, आणि हवा. पित्ताशयात हवा यायचं कारणच नाही! ती येत होती मोठ्या आतड्यातून.

खडे वर्षानुवर्षं आत राहिले की सूज येते, पित्ताशय शेजारच्या आतड्याला चिकटतं आणि भिंत झिजून आरपार वाट पडते. हाच फिस्टुला. बहुतेकदा तो लहान आतड्याच्या सुरुवातीला उघडतो. मोठ्या आतड्यात उघडणं आणखी दुर्मिळ. एरवी पित्ताम्लं लहान आतड्याच्या शेवटी परत शोषली जातात. इथे ती शॉर्टकटने थेट मोठ्या आतड्यात जातात आणि तिथे पाणी ओढतात. म्हणून जुलाब.

आता रोबोट. खरं तर नावच चुकलंय. तो स्वतःहून काहीच करत नाही, ऑटोमेशन शून्य. सर्जन त्याच खोलीत कन्सोलवर बसतात, त्यांचा हात हलला तर आतलं हत्यार हलतं, तेही कमी प्रमाणात आणि हाताची थरथर गाळून. दा विंची मशीनवर सर्जननी डोकं व्ह्यूअरमधून बाहेर काढलं की हत्यारं जागच्या जागी थांबतात. हे डिझाइन मला जाम आवडलं.

इथे फायदा काय? सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. आतड्याला चुकून भोक पडलं तर विष्ठा पोटात. त्यामुळे मनगटासारखी वळणारी हत्यारं आणि थ्रीडी चित्र कामाला येतं. शिरेतून दिलेला हिरवा डाय यकृतातून पित्तात उतरतो आणि खास कॅमेऱ्यात पित्तनलिका चमकते, म्हणजे ती चुकून कापली जायची भीती कमी. मग फिस्टुला तोडून आतड्याचं तोंड स्टेपलरने किंवा टाक्यांनी बंद करतात, पित्ताशय काढतात. अर्थात हातखंडा असलेले सर्जन साध्या दुर्बिणीनेही हे करतात, आणि रोबोटचं बिल जास्त येतं, हेही सांगायला हवं.

मावशीने डॉक्टरांना थेट विचारलं, "नाही जमलं तर?"

"तर पोट उघडून करू. त्याला मी फेल म्हणत नाही. फॉर्मवर तेही लिहिलंय, वाचून सही करा."

तिने चष्मा मागवला, पूर्ण वाचला, मग सही केली. उघडावं लागलं नाही. परवा फोनवर म्हणाली, वर्षभराने पहिल्यांदा एसटीने निर्धास्त प्रवास केला.