एका दिवसाने हुकली जुनी पेन्शन! 1 नोव्हेंबर 2005 या तारखेचा घोळ नेमका काय?

सातारा/सांगली : 31 ऑक्टोबर 2005 रोजी राज्य सरकारने नव्या पेन्शन योजनेचा निर्णय काढला आणि दुसऱ्याच दिवशी, ऐन लक्ष्मीपूजनाला, तो लागू झाला. या एका तारखेने सरकारी कर्मचाऱ्यांचे दोन गट पडले.

दोन्ही पेन्शनमध्ये फरक काय?

जुन्या योजनेत निवृत्तीनंतर शेवटच्या मूळ वेतनाच्या साधारण निम्मी पेन्शन मिळते, त्यावर महागाई भत्ताही वाढत जातो. कर्मचाऱ्याच्या पगारातून त्यासाठी कपात होत नाही. नव्या योजनेत कर्मचाऱ्याचे 10 टक्के कापले जातात, सरकार आता 14 टक्के भरते आणि ही रक्कम बाजारात गुंतवली जाते. हाती किती येणार, हे बाजारावर ठरते.

अन्याय कुठे झाला?

तलाठी भरती तेव्हा जिल्हास्तरावर होत असे. समजा, 2005 च्या उन्हाळ्यात सातारा आणि सांगलीत एकाच दिवशी जाहिरात निघाली. साताऱ्याचा उमेदवार ऑक्टोबरमध्ये रुजू झाला. सांगलीत त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर होता. तिथली फाईल महिनाभर मागे पडली आणि उमेदवार नोव्हेंबरमध्ये रुजू झाला. पद तेच, पात्रता तीच. उशीर कार्यालयाचा, पण पेन्शन गेली उमेदवाराची.

कोर्ट काय म्हणते?

31 मार्च 1979 या तारखेवरून पेन्शनधारकांमध्ये केलेला भेद सर्वोच्च न्यायालयाने नाकारा खटल्यात 17 डिसेंबर 1982 रोजी मनमानी ठरवला. मात्र नंतरच्या निकालांत, सरकार आर्थिक कारणांसाठी तारीख ठरवू शकते, हेही मान्य झाले. म्हणजे तारीख असण्याला हरकत नाही. ती कशाला जोडली, हा खरा प्रश्न आहे.

मग दुरुस्ती कधी झाली?

‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत मार्च 2023 मध्ये कर्मचारी आठवडाभर संपावर गेले. त्याच महिन्यात केंद्राने, 22 डिसेंबर 2003 पूर्वी जाहिरात निघालेल्या पदांवरील आपल्या कर्मचाऱ्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय दिला. राज्याने 2 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने तीच वाट धरली. जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची असेल, तर नंतर रुजू झालेल्यालाही जुनी पेन्शन निवडता येईल, असे ठरले.

हा निकष जास्त न्याय्य आहे. जाहिरातीची तारीख सर्व उमेदवारांना सारखीच असते. रुजू होण्याची तारीख कार्यालयाच्या वेगावर अवलंबून असते.

अजून कोण बाहेर?

या दुरुस्तीलाही मुदत होतीच. पर्याय 6 महिन्यांत द्यायचा, नाही तर नवी पेन्शन कायम. 18 वर्षे वाट पाहायला लावणाऱ्या सरकारने कर्मचाऱ्याला दिले 6 महिने!

शिक्षकांची अडचण वेगळीच आहे. अनेक जण 2005 पूर्वीच नोकरीला लागले, पण त्यांच्या शाळेला 100 टक्के अनुदान नंतर मिळाले. अनुदानाची तारीख शिक्षकाच्या हातात नसते, तरी त्यांची पेन्शन त्यावरच अडली.

हे लक्षात ठेवा

सरकारी भरतीत उतरलेल्या प्रत्येकाने जाहिरातीचे कात्रण, निवड यादी, नियुक्ती आदेश आणि रुजू अहवाल जपून ठेवावा. नियम 18 वर्षांनी बदलला, तेव्हा हक्क सिद्ध करायला हेच कागद लागले.